पहिला शब्द शेजाऱ्याचा

आमच्या विंकलहाल्डनमध्ये नाताळ येतो चोवीस डिसेंबरला, पण सुरू होतो सत्तावीसला. चोवीसला सगळे आपापल्या घरात बसून आपापल्या माणसांना सहन करतात. सत्तावीसला दुपारी दोन वाजता मात्र बूट चढवून बाहेर पडतात, एकेका घरात शिरतात, तिथल्या नाताळच्या झाडासमोर उभे राहतात आणि म्हणतात, "काय सुंदर झाड आहे हो!" असं म्हटलं की घरमालकाला श्नॅप्स, म्हणजे कडक दारू, ओतावीच लागते. मग पुढचं घर. तिथंही झाड सुंदरच निघतं. पाचव्या घरापर्यंत झाडं इतकी सुंदर होत जातात की काही जणांना भरून येतं. सातव्या घरी दोन-दोन दिसतात, आणि दोन्ही सुंदर.

नियम फार नाहीत. स्तुती होईपर्यंत पाहुण्यानं बसायचं नाही आणि पेल्याला हात लावायचा नाही. घर या फेरीत पहिल्यांदाच आलं असेल, तर पहिला शब्द शेजाऱ्याचा. ज्याची भिंत सर्वांत जवळ, तो शेजारी. तो बोलला की बाकीच्यांनी बोलायचं. तो बोललाच नाही तर काय, हे कुठं ठरलेलं नाही. समोर फुकटची दारू असताना गप्प उभा राहील असा माणूस नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

तो माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबांचं नाव अल्बान. ते सुतार आहेत आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. यात तत्त्व वगैरे काही नाही. काही लोकांना पोहता येत नाही, तसं. मी जन्मलो तेव्हा नर्स म्हणाली, "गोड आहे ना?" बाबांनी मला दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं आणि म्हणाले, "डोकं जरा चौकोनी आहे." लग्नाच्या दिवशी आईनं विचारलं होतं, कशी दिसतेय. ते म्हणाले, "डावी टाच झिजलीय." आई म्हणते, तेव्हाच निघून जायला हवं होतं, पण टाच खरंच झिजली होती. तीस वर्षांच्या फेऱ्यांमध्ये बाबांनी चार झाडांना सुंदर म्हटलंय. त्यातलं एक रानात उभं होतं.

एरवी यानं कुणाचं काही अडत नाही. बाकीचे स्तुती करतात, बाबा कोपऱ्यात उभे राहून "हिरवं आहे" म्हणतात, दालचिनीची चांदणीच्या आकाराची बिस्किटं खातात आणि संध्याकाळी सगळ्यांना घरी पोचवतात. गावाला असाही एक माणूस लागतोच.

पण यंदा फेरीत नवं घर होतं हार्म्सांचं. आणि हार्म्सांच्या भिंतीला सगळ्यात जवळची भिंत आमच्या वर्कशॉपची.

ओन्नो हार्म्स उत्तरेकडचे, फ्योर बेटावरचे. चौतीस वर्षं त्यांनी बेट ते किनारा अशी बोट चालवली. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. आयुष्यात त्यांनी जे काही बोलायचं ते त्या पाऊण तासात बोलून संपवलं असावं, कारण आमच्या गावात आल्यापासून त्यांच्या तोंडून मी एकूण अकरा शब्द ऐकले होते. ते आणि त्यांची बायको गेशे इथं आले ते मुलीमुळे. मुलगी म्हणजे वीब्के. वीब्के आमच्या भागातली गुरांची डॉक्टर आहे. तिचं आणि माझं ठरलंय. कसं ठरलं ते सांगण्यासारखं नाही. त्यात एक गाय होती आणि मी चुकीच्या बाजूला उभा होतो.

तर नाताळच्या आठवडाभर आधी वीब्के वर्कशॉपमध्ये आली आणि म्हणाली, "क्विरिन, आई परत जायचं म्हणतेय."

"कशासाठी? सुट्टीला?"

"कायमचं. वर्ष झालं इथं येऊन, एक माणूस घरात येऊन बसलेला नाही. पावाच्या दुकानात ती आमच्याकडच्यासारखं नमस्काराला 'मॉइन' म्हणते, तर लोक मागे वळून बघतात, कुणाला म्हणाली म्हणून. सत्तावीसला तुमची ती फेरी. त्या दिवशी तरी माणसं आली, बसली, प्यायली, तर ठीक. नाहीतर फेब्रुवारीत घर विकायला काढणार."

"आणि तू?"

"माझ्यापायी आले ते इथं. ते हरून परत गेले तर मी इथं राहून कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"माझ्या."

"तुझं डोकं चौकोनी आहे," वीब्के म्हणाली. आमच्या घरी तिचं येणं-जाणं जरा जास्तच झालं होतं.

मी लगेच कामाला लागलो. हार्म्सबाईंकडे जाऊन सगळा नियम समजावला. पेले किती, बाटली कुठली, उभं कुठं करायचं. शेवटी विचारलं, "आणि झाड? झाड आहे ना?"

"आहे की," हार्म्सबाई म्हणाल्या. "ओन्नोनं केलंय."

आता, "केलंय" हा शब्द ऐकून शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. झाड कुणी करत नाही. झाड आणतात. पण मला वाटलं, उत्तरेकडे असं म्हणत असतील. तिकडे काहीही म्हणतात.

मग बाबांकडे गेलो. "बाबा, एकच शब्द आहे. सुंदर. तीन अक्षरं."

"झाड बघून ठरवू."

"झाड कसंही असलं तरी..."

"कसंही असलं तरी कसं? मग बघायला कशाला जायचं? इथूनच ओरडतो."

"माझ्या लग्नाचा प्रश्न आहे."

"म्हणून तर नीट बघितलं पाहिजे," बाबा म्हणाले आणि रंधा मारायला लागले.

सत्तावीसला आम्ही चौघं निघालो. बाबा, मी, बेकरीवाले सेवेरीनकाका आणि सेन्ता आत्या. सेन्ता आत्या ही बाबांची थोरली बहीण. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि निसर्गानं बाबांच्या वाट्याची सगळी स्तुती तिच्यात भरलीय. एकदा फादरांच्या घरी चष्मा नसताना तिनं कोट टांगायच्या खुंटाळ्याची स्तुती केली होती. फादरांनी निमूट ओतली. दोन घरं आम्ही झटपट उरकली. सेवेरीनकाकांच्या मेव्हण्याच्या घरी झाड सुंदर होतं, शाळेच्या बाईंकडे त्याहून सुंदर. बाबा एकीकडे "हिरवं आहे" म्हणाले, दुसरीकडे "हेही."

तीन वाजता हार्म्सांच्या दारात पोचलो. बर्फ नुकता झाडून दोन्ही बाजूंना सरळ रेषेत लावला होता. हार्म्सबाईंनी दार उघडलं. निळा नवा पोशाख, केस सेट केलेले, आणि मागे टेबलावर चौदा पेले पुसून रांगेत मांडलेले. ओन्नो हार्म्स खिडकीपाशी उभे होते, बोट धक्क्याला लागत असताना उभे राहत असतील तसे.

आम्ही आत गेलो. ओळीनं उभे राहिलो. बाबा सगळ्यांत पुढे.

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. उजवीकडून डावीकडे, मग डावीकडून उजवीकडे.

"झाड कुठंय?" ते म्हणाले.

"हे," ओन्नो हार्म्स म्हणाले आणि खिडकीकडे बोट केलं.

खिडकीच्या फळीवर हातभर उंचीचं काहीतरी होतं. एक उभी काठी, तिला दोन आडव्या काठ्या, वरून पिंपाच्या कड्यासारखी वाकवलेली कमान, आणि सगळ्याला गुंडाळलेला हिरवा वेल. त्यावर चार सफरचंदं, मनुकांच्या माळा, चार मेणबत्त्या आणि पिठाचे भाजलेले प्राणी: एक घोडा, एक कोंबडा, एक मासा, एक जहाज. खाली आदम आणि हव्वा, दोघांच्या मधे साप. साप थोडा जास्त भाजला गेला होता आणि त्यामुळे तिघांत तोच मोठा अनुभवी वाटत होता.

सेवेरीनकाका माझ्या कानात म्हणाले, "हे झाडाचं आधीचं आहे की नंतरचं?"

"आमच्या बेटावर असंच असतं," हार्म्सबाई घाईघाईनं म्हणाल्या. "तिकडे वारा झाडं टिकू देत नाही. म्हणून खलाशांच्या घरी काठ्यांचंच करायचे. माझ्या आजीकडे असंच, तिच्या आजीकडेही असंच."

मी आईशेजारी उभ्या असलेल्या वीब्केकडे बघितलं. वीब्केनं माझ्याकडे. मी तिला विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, झाड म्हणजे हे. मला वाटलं होतं, झाड म्हणजे झाड. दोघंही आपापल्या घरचं सोडून दुसरीकडे काही असू शकतं, हे मानायला तयार नसलेल्या लोकांमध्ये वाढलो होतो.

"अल्बान," सेन्ता आत्यानं बाबांना कोपर मारलं. "बोल ना रे."

"बघतोय."

"बघायचं काय त्यात? मला तर बाई इतकं..."

"तुझा नंबर नंतर," सेवेरीनकाकांनी तिला अडवलं. "शेजारी आधी."

बाबा खिडकीपाशी गेले. वाकले. मग गुडघ्यावर बसले. खिशातून घडीची पट्टी काढली आणि उलगडायला लागले, आणि मला कळलं की हे आता लवकर आटपणार नाही.

दहा मिनिटं गेली. बाबा मोजत होते. आम्ही उभे होतो. पेले उभे होते. ओन्नो हार्म्स तर जन्मापासून उभेच असल्यासारखे उभे होते. अशा शांततेत यजमानीणबाईला काहीतरी करावंसं वाटतंच. हार्म्सबाईंनी हात पुसले आणि विचारलं, "तोवर मेलेली आत्या चालेल का कुणाला?"

सगळ्यांनी सेन्ता आत्याकडे बघितलं.

"मला अजून वेळ आहे," सेन्ता आत्या म्हणाली.

"आई!" वीब्के म्हणाली. "अहो, पेयाचं नाव आहे ते. कोको असतो. आमच्या बेटावरची कुणाचीतरी आत्या अमेरिकेत वारली म्हणे. तिला परत न्यायला एवढा खर्च कोण करणार, म्हणून कोकोच्या खोक्यात घालून पाठवली."

"आणि कोको?" सेवेरीनकाकांनी विचारलं. बेकरीवाल्या माणसाला माल महत्त्वाचा.

"तोही पोचला."

"मग द्या," सेन्ता आत्या म्हणाली. "कोको म्हणजे काही पेला नाही. कप आहे. नियमात कपाचं काही नाही."

मी साय फेटायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. हार्म्सबाईंनी कोको ओतला, मग दुसऱ्या बाटलीतून रम ओतली, तिथं जरा विचार केला आणि आणखी ओतली. वर साय घातली की वास येत नाही. चेहऱ्यावर त्यांनी हसू धरून ठेवलं होतं, पण ते हसू आता थकलं होतं.

"हे बघ क्विरिन," त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचा मला राग नाही. खरं बोलणारा माणूस आहे. पण मी सकाळपासून पेले पुसतेय. तीनदा पुसले. चौदा काढले. मला वाटलं, चौदा लागतील."

"लागतील की."

"ते बोलतील असं वाटतं तुला?"

"नाही," मी म्हणालो. बाबांचा मुलगाच ना मी.

हार्म्सबाईंनी मान हलवली आणि ट्रे उचलला. "राहू दे. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो." नंतर वीब्केला विचारलं तर म्हणाली, फेब्रुवारीत समुद्र कधीच शांत नसतो.

बाहेरच्या खोलीत कोकोचा पहिला घोट घेऊन सेवेरीनकाका थांबले. डोळे मोठे झाले. त्यांनी कपात बघितलं, सेन्ता आत्याकडे बघितलं. सेन्ता आत्या सायीच्या मिशीसकट अत्यंत गंभीर उभी होती.

"कोको आहे," ती म्हणाली.

"कोकोच आहे," सेवेरीनकाका म्हणाले आणि कप पुढे केला. "अजून थोडा कोको मिळेल का?"

बाबांना कशाचा पत्ताच नव्हता. ते फळीवर गाल टेकवून एका डोळ्यानं कमानीच्या खालून बघत होते. मग त्यांनी एका बोटानं काठीला धक्का दिला. सगळं झाड आगगाडी जात असल्यासारखं थरथरलं. घोडा गोल फिरून कोंबड्याकडे बघायला लागला.

"हार्म्स साहेब," बाबा खालूनच म्हणाले. "हे कोणी केलं?"

"मी."

"कधी?"

"ऑक्टोबर."

"कशानं?"

ओन्नो हार्म्स विचारात पडले. "हातोडीनं."

"फक्त?"

"फक्त."

बाबांनी डोळे मिटले. अंत्ययात्रेत मिटतात तसे. "खिळे सतरा आहेत," ते म्हणाले.

"एकोणीस. दोन आत गेलेत."

"लाकूड?"

"सफरचंदांची पेटी."

वीब्केनं माझा दंड इतका घट्ट धरला की ती गुरांची डॉक्टर का झाली ते मला कळलं. "काहीतरी कर," ती कुजबुजली.

"काय करू? ठसका लागल्यासारखं करू?"

"तू 'सुंदर' म्हण, त्यांच्या आवाजात."

मी तोही विचार केला. पण तेवढ्यात बाबा उठले. गुडघे झटकले. पट्टी घडी करून हातात धरली आणि ओन्नो हार्म्ससमोर जाऊन उभे राहिले. दोघं एकाच उंचीचे. दोघांच्याही चेहऱ्यावर काही नाही.

"एक विचारतो," बाबा म्हणाले. "राग मानू नका. तुम्हाला स्वतःला हे सुंदर वाटतं?"

सेन्ता आत्यानं कप तोंडाशी धरला आणि तसाच राहू दिला. कोणत्याही घरमालकाला त्याच्याच झाडाबद्दल हा प्रश्न आमच्या गावात कुणी कधी विचारला नव्हता. खुद्द फादरांनाही नाही, आणि त्यांच्याकडे तर खुंटाळं होतं.

ओन्नो हार्म्सनी झाडाकडे बघितलं. धुक्यात किनारा शोधताना बघत असतील तसं, डोळे बारीक करून. किती वेळ ते सांगता येणार नाही. मेणबत्तीचा एक थेंब हव्वेच्या डोक्यावर पडला आणि थंड झाला, तेवढा वेळ.

"नाही," ते म्हणाले.

"ओन्नो!" हार्म्सबाई ओरडल्या.

"नाही म्हणजे नाही. भावाकडे जुनं आहे, पणजोबांचं. ते सुंदर आहे. हे हलतं."

वर्षभरातलं हे त्यांचं सगळ्यांत लांब भाषण. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यानंतर ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

हार्म्सबाईंनी ट्रे खाली ठेवला. वीब्केनं माझा दंड सोडला, आणि मला वाटलं, संपलं. घर गेलं, सासरे गेले, बोट सुटली.

बाबांनी हात पुढे केला. "तीस वर्षं लोकांच्या घरी जातोय," ते म्हणाले. "स्वतःच्या झाडाबद्दल खरं सांगणारा पहिला माणूस भेटला."

ओन्नोंनी हात हातात घेतला. दोघांनी एकदाच हलवला, वर आणि खाली, आणि सोडला.

"क्विरिन," बाबा म्हणाले. "पेटी आण. पटाशी, सरस, बारीक करवत. आणि बीच लाकडाच्या खुंट्या, आठ मिलिमीटरच्या. खिळे काढायचेत."

"आत्ता?"

"मग कधी, ईस्टरला?"

मी कुंपणावरून उडी मारून गेलो आणि तसाच परत आलो. तोवर झाड खिडकीतून जेवणाच्या टेबलावर आलं होतं. आदम, हव्वा आणि साप एका बशीत काढून ठेवले होते. बशीत जागा कमी असल्यानं जवळीक जरा वाढली होती. ओन्नोंनी काठी धरली. बाबांनी एक खुर्ची ओढली, बसले आणि पहिला खिळा उपसला.

खोलीत एक आवाज झाला. सेवेरीनकाकांचा श्वास.

"बसला," ते म्हणाले.

"कोण?" सेन्ता आत्या म्हणाली.

"शेजारी. शेजारी बसला."

सेन्ता आत्यानं बाबांकडे बघितलं. बाबा खरंच बसले होते. "स्तुती झाल्याशिवाय बसायचं नाही," ती सावकाश म्हणाली, कोर्टात निकाल वाचल्यासारखी. "तो बसला. म्हणजे स्तुती झाली. ऐकू आली नसेल, पण झाली."

"झालीच," सेवेरीनकाका म्हणाले आणि सोफ्यावर इतक्या वेगानं बसले की तिथली उशी उडाली.

सेन्ता आत्या मात्र रीतीची. ती आधी खिडकीपाशी गेली. फळी रिकामी होती. मेणाचे दोन थेंब आणि वेलाचं एक पान. तिनं दोन्ही हात छातीशी धरले आणि संपूर्ण आवाजात म्हणाली, "काय सुंदर झाड आहे हो!"

"पण झाड टेबलावर आहे," हार्म्सबाई म्हणाल्या. "तुकड्यांत."

"तुकड्यांतसुद्धा!" सेन्ता आत्या म्हणाली. "ओता."

हार्म्सबाईंनी ओतली. पेले काठोकाठ भरले, पण एक थेंब सांडला नाही. जन्मभर बोटीनं ये-जा केलेल्या बाईचा हात. सेवेरीनकाकांनीही सोफ्यावरून झाडाची स्तुती केली, नेमकी दाराच्या दिशेनं. एवढ्यात रस्त्यावरून फेरीची दुसरी टोळी चालली होती. त्यांनी खिडकीतून बघितलं की आत माणसं बसलीयत आणि पितायत. आमच्या गावात याला आमंत्रण म्हणतात. सहा जण आत शिरले. पोस्टातल्या थेक्लानं रिकाम्या खिडकीची स्तुती केली. तिच्या नवऱ्यानं उभ्या दिव्याची. त्यांच्यामागून शाळेच्या बाई आल्या, त्यांना कुणीतरी बशी दाखवली, त्यांनी आदमची स्तुती केली आणि हव्वेबद्दल काही बोलल्या नाहीत. चौदा पेले संपले. हार्म्सबाईंनी अंडी खायचे छोटे कप काढले. तेही संपले.

"मॉइन," दारात आलेल्या कुणालातरी सेवेरीनकाका म्हणाले.

"कुणाला म्हणालास?" तो मागे वळून बघत म्हणाला.

"तुलाच रे गाढवा. या घरात असंच म्हणतात."

हार्म्सबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि जरा वेळानं नाक पुसत बाहेर आल्या. "कांदा," त्या म्हणाल्या. हातात केकचं ताट होतं.

टेबलापाशी दोघं माणसं या सगळ्यापासून फार दूर होती. बाबा खाच पाडत होते, ओन्नो सरस लावत होते. तासाभरात त्यांच्यात जे बोलणं झालं ते सगळं मी ऐकलं: "धरा." "धरलं." "वर." "इतकं?" "कमी." मग एकदा सरस ओघळून बाबांच्या बाहीवर आला आणि बाबा म्हणाले, "अरे, धर ना नीट!"

सेन्ता आत्यानं मान वळवली. आमच्या गावात 'अहो'वरून 'अरे'वर यायला साधारण सात वर्षं आणि एक अंत्ययात्रा लागते. त्यासाठी समारंभ असतो, दोघं हातात हात अडकवून पितात. बाबांनी ते सरसाच्या भानगडीत उरकून टाकलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"तू हल मग जरा तिकडे," ओन्नो म्हणाले. "माझ्या उजेडात येतोयस."

साडेपाचला झाड उभं राहिलं. एकही खिळा नाही. वेल पुन्हा गुंडाळला, सफरचंदं लावली, प्राणी लावले. घोड्याचं तोंड पुढे केलं. बाबांनी एका बोटानं धक्का दिला. झाड हललं नाही. सगळी खोली बघत होती; आता तर वीसेक माणसं झाली होती, काही जिन्यावर बसलेली.

"आता हलत नाही," बाबा म्हणाले.

"नाही."

दोघांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. कुणीतरी कुणालातरी चिमटा काढल्याचा आवाज आला.

"पण सुंदर नाही," बाबा म्हणाले.

"नाही," ओन्नो म्हणाले.

"लाकूडच चुकीचं आहे. पेटीचं लाकूड ते पेटीचंच. याला ओक पाहिजे." बाबांनी पट्टी उलगडली आणि पायाची फळी मोजली. "माझ्याकडे ओंडका आहे. नोव्हेंबरात तोडलाय. पण ओला. ओक वाळायला सेंटीमीटरला एक वर्ष. त्याआधी हात लावायचा नाही."

"पाया किती जाड?"

"तीन पुरे."

"चार कर. भरती-ओहोटीत हलायला नको."

"भरती-ओहोटी कुठंय इथं?"

"चार," ओन्नो म्हणाले.

बाबांनी विचार केला. "चार," ते म्हणाले. "तेव्हा बोलेन मी. त्याआधी नाही."

"त्याआधी मीही नाही."

हार्म्सबाई बाटली हातात घेऊन मधोमध थांबल्या होत्या. "ओन्नो," त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीत आपण जाणार होतो ना?"

ओन्नोंनी त्यांच्याकडे बघितलं. आठवायचा खरंच प्रयत्न करत होते.

"लाकूड ओलं आहे," ते म्हणाले.

हार्म्सबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग जिन्यावरच्या माणसांकडे, त्यांच्या हातातल्या अंड्यांच्या कपांकडे. वीब्के माझ्या शेजारी होती आणि श्वास घेत नव्हती. एरवी ती गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालूनही गप्पा मारते.

"चार वर्षं म्हणजे," हार्म्सबाई म्हणाल्या, "मला पडदे घ्यावे लागतील. जायचंच असेल तर कशाला, म्हणून वर्षभर घेतले नाहीत. उघड्या खिडक्यांत राहिलेय मी. सगळ्यांना आत दिसतं."

"दिसतं तर," पोस्टातली थेक्ला म्हणाली. "आम्ही त्यावरूनच तर आत आलो."

"मोजून द्याल का हो जरा, अल्बान? पट्टी हातात आहेच तर."

बाबा उठले. खिडकी मोजली. डावीकडून मोजली, उजवीकडून मोजली, पुन्हा डावीकडून मोजली. मग त्यांनी पट्टी भिंतीला टेकवून धरली आणि एक डोळा मिटला.

"डावी बाजू दोन सेंटीमीटर कमी आहे," ते म्हणाले. "आधीच्या मालकानं वाकडी बसवलीय."

"माहीत आहे," ओन्नो म्हणाले. ते आधीच उठून दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले होते. चौकटीवर नख फिरवत होते. "रोज बघतो."

"चार स्क्रू आहेत."

"सहा. दोन रंगाखाली."

"अहो," हार्म्सबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं डिसेंबरात खिडकी काढणार आहात का?"

दोघांनी खिडकीकडे बघितलं, बाहेरच्या बर्फाकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला.

"हो," दोघं म्हणाले.